‘हाताने बंद’

४ मार्च, इंदापूर

पप्पांच्या कपाटात ही कोरी डायरी सापडली. ते गेल्याला आता चार महिने होतील. कपाट आवरायला घेतलं होतं. आवरलं नाही, डायरी तेवढी घेऊन बसले.

दिवसभरात पहिलं वाक्य मी सकाळी दहाला बोलते, पुण्याच्या ऑफिसच्या मीटिंगमध्ये. त्याआधी घसा खाकरून बघते, आवाज येतो का ते. कॅमेरा बंद ठेवते. आज मीटिंगनंतर सौरभने मला एकटीलाच थांबवून घेतलं. सौरभ आमच्या टीमचा प्रमुख, वयाने माझ्याहून चार वर्षांनी लहान.

म्हणाला, “बावड्याच्या अलीकडे माळवस्ती म्हणून आहे. तिथल्या डेअरीत आपला डबा बसवलाय. साडेसातशे लिटर दूध नासलं. चेअरमन म्हणतात मशीन बिघडलं. तू तिथंच आहेस, जाऊन बघ.”

आमची कंपनी दूध थंड ठेवणाऱ्या टाक्यांवर बसवायचे डबे बनवते. टाकीचं तापमान, मोटर चालू की बंद, सगळ्यावर डबा लक्ष ठेवतो आणि काही बिघडलं तर डेअरीवाल्यांच्या मोबाइलवर मेसेज पाठवतो. सात वर्षं त्याचं सॉफ्टवेअर लिहितेय, पण गावात बसवलेला डबा कधी पाहिला नाही. उद्या जाईन. बाहेर पडायला कारण मिळालं.

५ मार्च

स्कूटरवरून गेले. डेअरी म्हणजे पत्र्याची एक खोली, आत स्टीलची मोठी टाकी, भिंतीवर आमचा डबा. चेअरमन रामहरी तात्या खुर्चीत बसले होते. आजूबाजूला दूध घालणारी दहा-बारा माणसं. आणि दाराशी उभ्या भामाबाई. अकरा वर्षं त्याच डेअरी सांभाळतात. दूध मोजून घेणं, टाकी धुणं, कुलूप लावणं, सगळं. किल्ली त्यांच्याकडेच.

मी डब्याला लॅपटॉप जोडला. सगळे माझ्या स्क्रीनकडे बघत होते. त्या दिवसाची नोंद स्पष्ट होती: सकाळी दहा वाजून बावीस मिनिटं, मोटर बंद. कारण: हाताने बंद.

तात्यांनी मोठ्याने वाचून दाखवायला सांगितलं. मी वाचलं.

“म्या साडेनवाला कुलूप लावून घरी गेले,” भामाबाई म्हणाल्या. “बटनाला हात लावला न्हाय. चार वाजता टँकर आला तवा दार उघाडलं, तर दूध कोमट.”

तात्या म्हणाले, “टाकी धुवायला बंद केली आसंल, ध्यानात ऱ्हायलं नसंल. व्हतं आसं.”

“टाकी भरलेली व्हती तात्या. भरलेली टाकी कोण धुतं?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, “मशीन खोटं बोलत नाही, मावशी.”

मी हळू आवाजातच बोलले, पण खोलीत बाकी कोणी बोलत नव्हतं.

६ मार्च

अहवाल पाठवला. अर्ध्या पानाचा, खाली माझी सही. सौरभचं उत्तर आलं, ‘छान. विषय संपला.’

९ मार्च, रविवार

बुद्धघोषचा फोन आला. पुण्यातून दर रविवारी करतो. ताई, घराचं काय ठरवलंस, हेच विचारतो. म्हणतो इंदापुरात एकटी काय करतेस, विकून इकडं ये. घर पप्पांनी वालचंदनगरची नोकरी संपल्यावर बांधलं. क्वार्टर सोडताना त्यांना वाटलं होतं, आम्ही दोघं पोरं सुट्टीला येऊ. मी आले ती ते आजारी पडल्यावर. आता ते नाहीत आणि मी आहे.

मी म्हटलं, बघू. फोन सव्वासहा मिनिटं चालला. मग कुकर लावला. दोन वाट्या तांदूळ घातल्यावर लक्षात आलं.

१२ मार्च

तात्यांनी बोलावलं होतं. भामाबाईंना कामावरून काढलं आहे. त्यांच्या जागी शंभूराज नावाचा माणूस घेतला, तात्यांचा पुतण्या. त्याला डबा शिकवायचा होता. तासात झालं. त्याने बहुतेक वेळ मोबाइलच पाहिला.

परत येताना वस्तीच्या कडेला भामाबाईंचं घर लागलं. त्या ओट्यावर बसल्या होत्या. मला वाटलं शिव्या घालतील. त्यांनी हात केला. “म्याडम, उनाचं कुटं निघाला? च्या घेऊन जा.”

नाही म्हणता आलं नाही. घर दोन खोल्यांचं, सारवलेलं, स्वच्छ. नवरा नाही. लेक दिपाली सासरी, दौंडकडे. त्यांनी माझं आडनाव विचारलं, मी सांगितलं. मग साखर किती, ते विचारलं. मी नकळत दोन चमचे म्हणाले. घरी अर्धाच घेते.

चहा पिताना त्या म्हणाल्या, “लोकं तोंडावर काय म्हनत न्हाईत. पन रस्त्यानं चालले की बोलायचं थांबत्यात. अकरा वर्सांत माझ्या हातनं एक कॅन सांडला न्हाय.”

मी विचारलं, त्या दिवशी घरी आल्यावर काय केलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

“काय करनार? शेंगदान्याची चटनी वाटायला घेतली. तर मिक्सर फिरंना. नुसता घुं घुं करतोय. पाट्यावर वाटली शेवटी.” मग म्हणाल्या, “घ्या की थोडी, डब्यात देते.”

चटणी घेतली. जेवताना दोनदा वाढून घेतली. बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

१७ मार्च

आज मीटिंग बुडवून परत माळवस्तीला गेले. शंभूराजला काही अडचण आहे का बघायला. अडचण नव्हती. मग भामाबाईंकडे. त्यांनी या वेळी मला म्याडम न म्हणता “रश्मी” म्हटलं, आणि डब्यात काय दिलं तर वांग्याचं भरीत. मी पप्पांविषयी बोलले. ते लेथवर काम करायचे, त्यांच्या हाताला कायम तेलाचा वास यायचा, शेवटी हॉस्पिटलमध्येही मला तो यायचा. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

बोलता बोलता पावणेअकरा झाले आणि डोक्यावरचा पंखा एकदम मंद झाला. पाती मोजता येतील इतका.

“रोजचंच हाय,” त्या म्हणाल्या. “शेतीची लाइट आली की समद्यांच्या मोटारी एकदम चालू व्हत्यात. मग घरात दम ऱ्हात न्हाय.”

“रोज याच वेळेला?”

“हप्त्याला बदलतंय. कधी दहाला, कधी दुपारी.”

मी चहा अर्धा ठेवून उठले. त्या म्हणाल्या, काय झालं? मी म्हटलं, काही नाही मावशी, काम आठवलं.

१९ मार्च

एक जादा डबा घरी होता, तपासणीसाठी दिलेला. मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून डिमरस्टॅट आणला. विजेचा दाब कमी-जास्त करता येतो त्याने, गोल मुठीने. दुकानदाराने विचारलं, घरी काय करणार? मी म्हटलं, पंखा बघायचाय.

डब्याला मोटरच्या जागी एक बल्ब जोडला. दोनशे तीसवरून हळूहळू खाली आणलं. एकशे सत्तरला टक् असा आवाज झाला, बल्ब विझला. दाब परत वर नेला. बल्ब लागला नाही. बरोबरच आहे, एकदा बंद पडल्यावर माणसाने चालू करेपर्यंत मोटर चालू होऊ नये, अशीच रचना आहे. मग स्क्रीन पाहिला.

कारण: हाताने बंद.

मी बटनापासून दोन हात लांब होते.

सात वेळा केलं. सातही वेळा तेच.

२० मार्च

काम झालं नाही. डोकं दुखतंय.

२१ मार्च

आजही. सुट्टी टाकली.

२३ मार्च, रविवार

बुद्धघोषचा फोन उचलला नाही. इथं तरी खरं लिहावं.

डब्यात विजेवर पहारा ठेवणारी एक चिप आहे. दाब कमी झाला की ती मोटर तोडते आणि तोडण्याचं कारण स्वतःजवळ लिहून ठेवते. तिच्या वर ड्रायव्हर. ड्रायव्हर म्हणजे सॉफ्टवेअरचा तो भाग, जो चिपशी तिच्या भाषेत बोलतो. त्याच्या वर ॲप, लोकांना दिसणारं, नोंद ठेवणारं, मेसेज पाठवणारं. चिपने सांगितलं होतं. एकोणीस तारखेला सातही वेळा सांगितलं. ड्रायव्हरने ऐकलं, चिपवरची खूण पुसून टाकली आणि वर काही कळवलं नाही. ॲपला मोटर बंद दिसली, कारण काही मिळालं नाही. कारणाची जागा कोरी असली की तिथं शून्य असतं. आणि यादीत शून्य क्रमांकाला लिहिलं आहे ‘हाताने बंद’. हाताने बंद केलं म्हणजे टाकी धुवायची असेल, असं समजून तापमानाचा मेसेजही जात नाही. म्हणून भामाबाईंच्या मोबाइलवर काही आलं नाही.

हे सगळं मी एकोणीसलाच वाचलं होतं. मग कोणत्या मूर्खाने ही खूण पुसली ते बघायला गेले. प्रत्येक ओळ कोणी कधी लिहिली त्याची नोंद असते. चार वर्षांपूर्वीची ओळ. नाव माझं.

आता आठवतं. तेव्हा डेअऱ्यांच्या तक्रारी येत होत्या की दाब कमी झाल्याचे मेसेज दिवसाला वीस वीस येतात, वैताग आहे. ऑफिसातून मला सांगितलं, ते मेसेज बंद कर. ॲपमध्ये नीट गाळणी लावायला आठवडा लागला असता. मी ड्रायव्हरमध्ये एक ओळ लिहिली, दहा मिनिटांत. बाजूला टीप लिहिली आहे, ‘तात्पुरतं’. तक्रारी थांबल्या. सगळ्यांसमोर माझं कौतुक झालं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या. त्या टाळ्या मला आवडल्या होत्या.

मशीन खोटं बोलत नाही, मावशी.

२४ मार्च

सौरभला फोन केला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मला वाटलंच होतं.”

“काय वाटलं होतं?”

“तुझा अहवाल वाचल्यावर मी तो कोड पाहिला. रश्मी, जुनं कशाला उकरतेस? पुढच्या अपडेटमध्ये गुपचूप दुरुस्त करू. कुणाला कळणार नाही.”

“त्या बाईंना कामावरून काढलंय.”

“ते डेअरीने काढलंय. आपण फक्त नोंद दिली.”

“मी वाचून दाखवली, सौरभ. दहा-बारा माणसांसमोर.”

तो म्हणाला, तुझ्याच नावाने जाईल हे. मी तुला वाचवत होतो. खरंच वाचवत होता, मला वाटतं. वाईट माणूस नाही. मी म्हटलं, दुरुस्ती मी करते, आणि डेअरीला लेखी कळवायचं. कळवलं नाही तर मी माझ्या सहीचं पत्र देईन. त्याने विचार करून सांगतो म्हटलं.

३० मार्च

आठवडाभर हेच काम. पुसायची ओळ काढून टाकली. आता चिप जे सांगेल ते ड्रायव्हर तसंच वर देतो, दाब कमी, दाब जास्त, करंट जास्त, काय झालं, किती वाजता. ॲप ऐकत नसेल तर नोंद राखून ठेवतो, ॲप जागं झाल्यावर देतो. वीस वीस मेसेज येऊ नयेत म्हणून गाळणी ॲपमध्ये लावली, तिची जागा तिथंच होती. आणि शून्य क्रमांकाला आता लिहिलं आहे: ‘कारण माहीत नाही’. एवढे शब्द टाईप करायला चार वर्षं लागली.

डिमरस्टॅट फिरवत बसते. बल्ब विझतो, स्क्रीनवर येतं, ‘विजेचा दाब कमी, १६८’. परत लावते, परत विझवते. बघायला कोणी नाही.

सौरभने पत्र पाठवायला होकार दिला. मजकूर त्याने दोनदा सौम्य केला, मी दोनदा परत लिहिला.

२ एप्रिल

पत्र जाण्याआधी भामाबाईंना मीच सांगावं असं वाटलं. गेले. त्या हल्ली डाळिंबाच्या बागेत कामाला जातात, उशिरा परत आल्या, तोवर मी ओट्यावर बसून राहिले. त्यांनी हातपाय धुतले, चहाचं आधण ठेवलं, मला बिस्किटं दिली. मी म्हटलं, मावशी, आधी ऐका.

समजेल असं सांगितलं. चिप, ड्रायव्हर, ॲप.

“ह्यो डायवर कोन? झोपला व्हता व्हय?”

“माणूस नाही मावशी. मशीनचाच भाग. झोपला नव्हता. त्याला कळलं होतं. त्याने वर सांगू नये, असं मी लिहून ठेवलं होतं.”

“तुमी?”

“मी. चार वर्षांपूर्वी.”

आधणाला उकळी आली. त्यांनी गॅस बंद केला. पावडर घातली नव्हती.

“मंजी म्या बटनाला हात लावला न्हाय, हे तुमच्या त्या चिपला ठावं व्हतं.”

“हो.”

“आन तुमी म्हनला मशीन खोटं बोलत न्हाय.”

“हो.”

“हे तुमाला कवापासनं ठावं हाय?”

मी एकोणीस मार्च सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजलं. दोन आठवडे.

“दोन हप्ते म्या डाळिंबाच्या काट्यात हात घालतीया,” त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही. “तुमी खरं सांगितलं, बरं केलं. पन ज्या खोलीत वाचलं तितंच वाचा. त्याच मानसांपुढं. आन म्याडम, पुन्यांदा माझ्याकडं च्याला येऊ नका.”

बिस्किटं तशीच ठेवून निघाले.

७ एप्रिल

डेअरीत सभा झाली. सौरभ येणार होता, आला नाही, पत्र पाठवलं. मी सगळ्यांपुढं भिंतीवरचा डबा उघडला, शेजारी घरून आणलेला नवीन सॉफ्टवेअरचा डबा ठेवला, दोन्हींना डिमरस्टॅट जोडला आणि तात्यांनाच मूठ फिरवायला दिली. एकशे सत्तरला टाकीची मोटर थांबली. जुन्या डब्यावर आलं ‘हाताने बंद’. नव्या डब्यावर आलं ‘विजेचा दाब कमी’. तात्या दोन्हीकडे बघत राहिले.

मग पत्र वाचलं. शेवटची ओळ मी घातलेली होती, ‘ही चूक लिहिणारी व्यक्ती आणि आधीचा अहवाल देणारी व्यक्ती एकच, ती मी आहे.’ वाचताना आवाज सकाळी दहाच्या आधीसारखा झाला, पण वाचलं.

मागून कोणीतरी म्हणालं, “मग आमच्या दुधाचं काय?” तात्या म्हणाले, ते कंपनीशी बघू. मग भामाबाईंकडे वळले. त्या दाराशी तिथंच उभ्या होत्या.

“चुकलं आमचं. उद्यापासनं या.”

“शंभूराज काय करंल?”

“त्यो काय करतोय ते बघितलंय समद्यांनी.”

दोघंतिघं हसले. भामाबाई हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढं केला, तात्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. निघताना त्या माझ्या शेजारून गेल्या. पदर माझ्या हाताला लागला, एवढंच.

११ एप्रिल

नवीन सॉफ्टवेअर माळवस्तीत बसवलं. उरलेल्या डेअऱ्यांमध्ये ऑफिस पाठवेल. भामाबाईंनी विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं, आणि मी सांगितलं तेवढंच ऐकून घेतलं. कोणता मेसेज आला की काय करायचं, जनरेटर कधी लावायचा. एकदा समजलं की मान हलवायच्या. त्यांना सगळं पहिल्या झटक्यात समजतं. काम झाल्यावर म्हणाल्या, “झालं?” मी म्हटलं, झालं. त्यांनी झाडू घेतला.

सौरभने मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं नाही, ‘एक जुनी त्रुटी दुरुस्त केली’ म्हणाला. मी कॅमेरा चालू करून म्हटलं, ती माझी होती. सगळ्यांचे चेहरे एकदम वर झाले. मला वाटतं, बऱ्याच जणांनी मला पहिल्यांदाच पाहिलं.

१४ एप्रिल

जयंती. सकाळी पांढरी साडी नेसून बुद्धविहारात गेले, वंदना झाली. मिरवणूक गल्लीच्या तोंडावरून गेली तेव्हा गच्चीवर उभी होते. पप्पा पुढं चालायचे. बुद्धघोष येतो म्हणाला होता, मुलीची परीक्षा निघाली. खीर केली होती. शेजारी देऊन आले, त्यांनी दारातूनच घेतली. घाईत होते, पाहुणे आलेले.

त्याला फोन करून सांगितलं, घर इतक्यात विकायचं नाही. का, म्हणाला. म्हटलं, पप्पांचं कपाट अजून आवरायचंय.

२२ एप्रिल

सकाळी दहा चाळीसला फोन वाजला. मीटिंग चालू होती. नंबर भामाबाईंचा. मीटिंग सोडून उचलला.

“लाइट घसरली,” त्या म्हणाल्या. “मोबाइलवर मेसेज आला, तवा म्या घरी व्हते. पळत आले. मोटर बंद पडलेली. जनरेटर लावला, मोटर चालू केली. दूध सहा डिग्रीवर हाय, उतरतंय.”

“बरोबर केलंत मावशी.”

“आठशे दहा लिटर हाय आज.”

“बरं.”

तक्रारीसाठी ऑफिसचा नंबर डब्यावरच मोठ्या अक्षरात चिकटवलेला आहे, मीच चिकटवला होता, त्यांना दाखवलाही होता. तो सोडून माझ्या नंबरवर का केला, कळलं नाही. गडबडीत दिसला नसेल. आणि तसं पाहिलं तर कळवण्यासारखं काही राहिलंच नव्हतं, सगळं त्यांनी करून झालं होतं.

बोलणं संपलं, पण फोन बंद करायचा राहिला त्यांचा. जनरेटरचा आवाज येत होता. कॅन सरकवल्याचा. मग त्या कुणाला तरी म्हणाल्या, झाकण नीट लाव. मध्येच एकदा खोकल्या, अगदी फोनजवळ. मीही बंद केला नाही. खुर्चीत बसून ऐकत राहिले. अकरा मिनिटांनी त्यांच्याकडून कट झाला.